नाय म्हाराजा

गाऱ्हाण्यात नाही म्हणायची सोय नसते. देवाला जे काय सांगायचं ते एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. मालवणपासून लालबागपर्यंत ही वहिवाट कुणी मोडल्याचं दौलत मेस्त्रीच्या ऐकण्यात नव्हतं. आणि दौलतच्या ऐकण्यात नसलेलं काही घडलंच, तर ते त्याने स्वतः रचलेलं असायचं. चाळीच्या सत्यनारायणाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. वय पंचाहत्तरीच्या पुढे घसरलेलं, पण फुप्फुसं अजून भोंग्याची. यंदाही तो पूजेसमोर उभा राहिला, टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि सुरू झाला. ‘बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ही लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंच्या हातून काय चुकला-माकला असात तर पदरात घे रे म्हाराजा!’ ‘होय म्हाराजा!’ चाळ गरजली. पाण्याचं झालं, सामायिक नळाच्या भांडणाचं झालं, वरच्या मजल्यावरच्या धोंडूच्या गुडघ्याचंही झालं. मग गाडी उताराला लागली आणि आधी मनात नसताना दौलतच्या तोंडून निघून गेलं: ‘आणि आमचा चेडू, श्रेया, तेच्या डोक्यात जी काय गाठ पडली असात ती सोडव, आणि तेका चार चेडवांसारखा कर रे म्हाराजा!’ ‘होय म्हा...’ चाळीने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात जिन्याजवळून आवाज आला. ‘नाय म्हाराजा.’

आवाज चढलेला नव्हता. पिशवी हवी का, असं दुकानदाराने विचारल्यावर नको म्हणावं, तसा. श्रेया जिन्याच्या कठड्याला पाठ लावून उभी होती, नेहमीसारखी माणसांच्या कडेला, पायांत घरच्या चपला, केसांना तेल, एकोणीस वर्षांची सरळ, उंच पोरगी. चाळीची तोंडं उघडी ती उघडीच. भटजींनी आरतीची काडी पेटवलेली, ती बोटाशी येऊन विझली. सगळ्यांत आधी भान आलं ते शेजारच्या कौसल्याबाईंना. ‘अगो बाय माझे! गाऱ्हाण्यात नाय म्हणतत काय गो?’ दौलतची सून, श्रेयाची आई, दर्शना पुढे झाली, श्रेयाच्या कोपराला हात लावून म्हणाली, ‘चल बाळा, वर जाऊ.’ ‘प्रसाद?’ श्रेयाने विचारलं. तिला शिरा आवडायचा. आणि दौलत? त्याने आयुष्यभर देवाला, मुकादमाला, युनियनला आणि सावकारालाही तोंड दिलं होतं. त्याचे जोडलेले हात तसेच राहिले आणि अंगावर काटा आला. लाज वाटायला हवी होती, ती अजून यायची होती. आधी आलं ते काहीतरी दुसरंच. समुद्रावर आपण आपल्याच नादात चालत असावं आणि पायाखालची वाळू एकदम हलून तिच्यातून जिवंत काहीतरी बाहेर पडावं, तसं.

दौलत सगळ्यांच्या वतीने बोलायचा, हा त्याचा धंदाच होता म्हणा. गिरणीत टाइमकीपर होता तेव्हा खात्यातल्या कुणाची रजा मागायची, कुणाच्या उशिराचं कारण द्यायचं, तर दौलतला पुढे करायचे. गिरणीच्या भोंग्याला एकदा सर्दी झाली होती आणि तो बसक्या आवाजात वाजल्यामुळे अख्खं खातं झोपून राहिलं, असं त्याने साहेबाला गळ्यावर हात ठेवून सांगितलं होतं. साहेब हसला होता आणि पगार कापायचा विसरला होता. निदान दौलत तरी असंच सांगायचा. संपानंतर गिरणी गेली तेव्हा ह्याच तोंडावर तो जगला: वाचनालयांसाठी रहस्यकथा लिहिल्या, महिन्याला एक, खून, वाडा, हिरवा कंदील, पाठीमागून येणारा हात. लोक वाचायचे आणि रद्दीत घालायचे. सुभद्रा, त्याची बायको, म्हणायची, ‘तुमच्या पुस्तकात मेलेली माणसं एवढी बोलतात, तर जिवंतांनी कधी बोलायचं?’ ती गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. आणि ती गेल्यानंतर, म्हातारपणी, दौलतला एक खुळं वेड लागलं. एक तरी पुस्तक असं लिहायचं, की जे रद्दीत जाणार नाही. श्रेयाचं पुस्तक. श्रेयाच्या तोंडून, ‘मी’ म्हणून.

परळच्या डॉक्टरांनी ती लहान असताना कागदावर ‘स्वमग्नता’ असं लिहून दिलं होतं. दौलतला तो शब्द कधी पटला नाही. स्वतःत बुडालेली? ही पोर तर बाहेरच्यात बुडालेली असायची! चहात दूध ओतलं की ढग कसे वर येतात ते बघताना चहा थंड व्हायचा. लग्नात कुणी गाल धरून ‘ओळखलंस का मला?’ विचारलं की कान झाकून मांडवाबाहेर जायची, आणि तेच माणूस महिन्याने दिसलं की त्याच्या शर्टाच्या बटणावरून त्याला ओळखायची. शब्द तिच्याकडे होते, पण ते ती साठवून ठेवायची, दसऱ्याच्या साडीसारखे. दौलत तिच्याकडे तासन् तास बघायचा आणि त्याला वाटायचं, ह्या डोळ्यांच्या मागच्या खोलीत एकदा, एकदाच, जाऊन यायला मिळालं तर! पण त्या खोलीची किल्ली नव्हती, म्हणून मग त्याने कारागीर करतो ते केलं. दुसऱ्यांनी कुलपं कशी उघडली ते बघायला गेला. दादरच्या ग्रंथालयातून त्याने अशा मुलांच्या तोंडून सांगितलेल्या कादंबऱ्या आणल्या, इथल्या, तिथल्या, अनुवाद केलेल्या, आणि रहस्यकथावाल्याच्या नजरेने त्यांचं यंत्र उघडून पाहिलं. वाक्यं आखूड. उपमा बंद. आकडे भरपूर, पोर पायऱ्या मोजतं, बसचे नंबर पाठ म्हणतं. आई रडत असते आणि पोर म्हणतं, आईच्या डोळ्यांतून पाणी आलं पण घरात कांदा चिरलेला नव्हता. तिथे वाचकाचा गळा दाटतो. सांगणाऱ्याला कळत नाही ते वाचणाऱ्याला कळतं. दौलतला हसू आलं. ही तर जुनीच युक्ती! त्याच्या गोष्टींत खुनी कोण हे वाचकाला आधी कळायचं आणि इन्स्पेक्टरला शेवटी. आणि एक नियम सगळ्या पुस्तकांत पक्का होता. ही मुलं खोटं बोलत नाहीत. ती आरसा असतात. म्हणून त्यांच्या तोंडून आलेलं जग धुतल्यासारखं दिसतं.

तो लिहीत सुटला. पुस्तकातल्या पोरीला त्याने आकडे दिले, बसचे नंबर दिले, आखूड वाक्यं दिली. मसाला गल्लीत डंकांची लोखंडी मुसळं मिरच्या कुटायला लागली की कानांवर हात ठेवून ती धावत सुटते असं एक प्रकरणही दिलं, त्यावर तो स्वतःच खूश होता. पण पुस्तकाचा जीव एका वाक्यात होता आणि ते वाक्य त्याने रचलेलं नव्हतं. सुभद्रा गेल्यावर तो जेवेनासा झाला होता. ताट समोर यायचं, तसंच परत जायचं. विनीत, त्याचा मुलगा, शिवडीच्या गोदामातून थकून यायचा आणि बापासमोर नुसता बसायचा. अशा एका संध्याकाळी श्रेया उंबऱ्यावर येऊन बसली आणि बाहेर बघत म्हणाली, ‘आबा, माणूस गेला तरी जिना थोडा वाजत राहतो. आजीच्या पायऱ्या अजून वाजतात. दिवे लागतात तेव्हा.’ आणि उठून गेली. दौलतने कान दिला. त्याला ऐकू आलं! आधी हलकं, मग गुडघ्याचा तो ओळखीचा ठेका, मग कठड्याला लागलेली बांगडी. त्या दिवशी तो पेज प्याला. पोरीला ऐकू येतं, त्याने मनाशी म्हटलं, आपल्याला ऐकू येत नाही ते हिला येतं, आणि अशा पोरी खोटं बोलत नाहीत. ते वाक्य त्याने पुस्तकाच्या मधोमध ठेवलं, गाभाऱ्यात मूर्ती ठेवावी तसं. दादरच्या हितेंद्रने, त्याच्या रहस्यकथा छापणाऱ्याचा पोरगा, आता स्वतःच प्रकाशक, हस्तलिखित वाचून फोन केला होता. ‘काका, त्या जिन्याच्या वाक्याला मी ट्रेनमध्ये रडलो. हे तुमचं नाही वाटत.’ ‘माझं नाहीच ते,’ दौलत म्हणाला होता. आता प्रुफं येऊन टेबलावर पडली होती, एकदा होय म्हटलं की छपाई. आणि पोरगी गाऱ्हाण्यात नाय म्हणाली होती.

पूजेनंतर श्रेया रागावली नव्हती. ती नेहमीसारखी दुपारी त्याच्या खोलीत यायची, खिडकीशी बसायची. पण दौलतला प्रुफाचं पान उलटवेना. जिथे जिथे ‘मी’ छापलेलं होतं तिथे तिथे त्याला जिन्याजवळचा तो सपाट आवाज ऐकू यायचा. आपण देवासमोर उभं राहून तिच्या नावाने बोललो, आणि इथे ह्या एवढ्या पानांत तरी दुसरं काय केलंय? शेवटी त्याने त्याला सुचलेलं सगळ्यात अवघड काम केलं. प्रुफांचा गठ्ठा उचलून तिच्या मांडीवर ठेवला. ‘वाच. हे तुझ्यावरून लिहिलंय. तू नको म्हणालीस तर नको.’ असं म्हणून तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला, जणू परीक्षेचा निकाल आत लागतोय. ती वाचत राहिली. चहाची वेळ झाली, दर्शना परळच्या रुग्णालयातली नोंदणीची खिडकी बंद करून आली, आत डोकावली, सासऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. ‘बाबा, काय केलंत हे?’ ‘विचारलं,’ दौलत म्हणाला. ‘आता?’ दर्शना म्हणाली. ‘छापायला गेल्यावर?’

‘आबा,’ आतून हाक आली. तो गेला. श्रेयाने गठ्ठ्याच्या कडा नीट जुळवल्या होत्या. ‘ही कुठे राहते?’

‘कोण?’

‘ही मुलगी.’

‘इथेच. लालबागला.’

‘मला कधी दिसली नाही.’ ती गंभीरपणे म्हणाली. ‘हिला गणित येतं.’

‘अशा मुलांना... म्हणजे पुस्तकांत...’

‘मला दोनदा नापास केलंय. मम्मीला विचार.’

‘खरंय,’ दर्शना दारातून म्हणाली. हसू तिने पदराने पुसलं.

‘आणि ही डंकापासून का पळते?’

‘आवाज सहन होत नाही तिला.’

श्रेया बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, म्हणजे त्याच्या शर्टाच्या खिशाकडे. ती बघायची ती तिथे. मग उठली, चपला घातल्या. ‘चल,’ ती म्हणाली.

मसाला गल्लीत हंगाम होता. तिखटाचा वास तोंडावर ओल्या फडक्यासारखा बसला आणि दौलतला ठसका लागला. बायका नाकाला ओढणी, पदर, रुमाल बांधून आपापल्या डब्यांची वाट बघत होत्या, भाजलेल्या धण्याच्या परातींशेजारी दगडफुलाची पोती उघडी होती, आणि भिंतीला ओळीने डंक, लोखंडी मुसळं वर जातायत, खाली पडतायत, धाड धाड धाड. दौलत ह्या गल्लीच्या वासात लहानाचा म्हातारा झाला होता आणि इथून जाताना कायम घाईने जायचा. श्रेया एका दुकानाच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. आतल्या माणसाने तिला बघून मान हलवली, ओळखीची. म्हणजे ही इथे येते! नेहमी येते! तिने दौलतचा तळहात धरला आणि ओट्याच्या काळ्या दगडावर आडवा ठेवला. दगड धडधडत होता. ‘सगळे वेगवेगळे पडतात,’ ती त्याच्या कानाशी म्हणाली. ‘पण कधी कधी सगळे एकदम पडतात. थांब.’ तो थांबला. आधी नुसता गोंधळ होता, बाजाराचा, लोखंडाचा, कुणीतरी कुणालातरी ‘ओ ताई, तुमची बेडगी झाली’ म्हणून ओरडत होतं. मग त्याला एक मुसळ वेगळं ऐकू आलं, मग त्याच्या मागून धावणारं दुसरं, मग तिसरं, जरा लंगडं, आणि ती मागेपुढे करत जवळ जवळ येऊ लागली, श्वास धरल्यासारखी गल्ली आवळत गेली, श्रेयाची बोटं त्याच्या मनगटावर घट्ट झाली आणि धाड! सगळी मुसळं एका पोटातून पडली. दगड त्याच्या हातातून खांद्यापर्यंत, खांद्यातून दातांपर्यंत गेला. आणि लगेच सगळं पुन्हा विस्कटलं. चाळीत कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. साऱ्या लालबागच्या पोटात हे रोज होत होतं, जेवणाची वेळ व्हावी तसं आपोआप, आणि तो जन्मभर नाकाला रुमाल लावून बाजूने गेला होता. ‘तुला आधी कळतं?’ त्याने विचारलं. श्रेयाची बोटं पुन्हा घट्ट झाली, तो सरसावला, मुसळं एकदम पडली नाहीत. ‘चुकलं,’ ती म्हणाली आणि खुदकन हसली. ‘मला नाही कळत. मी वाट बघते फक्त. वाट बघायला मजा येते.’

‘हे पुस्तकात घालतो मी,’ दौलत उसळून म्हणाला. ‘ते पळायचं प्रकरण काढतो आणि...’

‘लगेच?’ श्रेया म्हणाली.

तो ओशाळला. पण तोंड कसलं थांबतंय. ‘नाही, म्हणजे तो जिना वाजतो ना तुला, तसंच हे...’

‘जिना नाही वाजत.’

‘आजीच्या पायऱ्या गं.’

‘ते मी बनवलं होतं.’ ती डंकाकडेच बघत होती. ‘तू जेवत नव्हतास. तुला गोष्ट आवडते.’

धाड धाड धाड. दौलतला आधी काहीच वाटलं नाही. मग सुभद्रा पुन्हा एकदा गेली. जिना एकदम लाकडाचा झाला, रिकामा, वर कुणी येत नाही असा. बांगडी, गुडघ्याचा ठेका, सगळं त्याने स्वतःच्या पदरचं घातलं होतं, ह्या पोरीने नुसती दोरी दिली होती. राग आला. एवढ्या संध्याकाळी मी त्या जिन्याशी कान देऊन बसलो! आणि त्या रागाच्या खालून, पाणी फुटावं तसं, ते पूजेतलं पुन्हा वर आलं, आता कितीतरी मोठं. सगळी पुस्तकं सांगत होती की अशा पोरांना दुसऱ्याच्या मनातलं दिसत नाही, त्यांना थाप मारता येत नाही. आणि हिने उंबऱ्यावर बसून म्हाताऱ्याच्या मनात नेमका कुठला भाग पोकळ झालाय ते पाहिलं, त्या मापाची गोष्ट कापली, वेळ दिवेलागणीची निवडली, कारण ताट तेव्हाच परत जायचं, आणि सांगून झाल्यावर मागे वळून न बघता निघून गेली. थाप अशीच मारायची असते. थोडी. समोरच्याच्या तोंडाला लावलेली. बाकीची त्याला स्वतःला रचू द्यायची. हे कुणी शिकवलं हिला? गिरणीच्या भोंग्याला सर्दी करणाऱ्या माणसाला हे विचारायची गरज नव्हती. त्या डोळ्यांच्या मागच्या खोलीत तो इतकी वर्षं एक आरसा शोधत होता. तिथे कुणीतरी बसून त्याच्याकडेच बघत होतं, आणि काय दिसतंय ते सांगायचं की नाही हे ठरवत होतं.

‘तू नाय म्हाराजा का म्हणालीस गो?’ त्याने विचारलं. मालवणी आपोआप आली.

‘तू मला विचारलं नव्हतंस.’

‘विचारलं असतं तर काय मागितलं असतंस?’

तिने विचार केला. ‘पंखा. आमच्या खोलीतला कुरकुरतो. पप्पा बघतो बघतो म्हणतात.’

दौलत एवढा मोठ्याने हसला की ओढण्या बांधलेल्या बायका वळून बघायला लागल्या. मग हसू थांबलं आणि त्याने नीट, गाऱ्हाणं घालताना उभं राहतो तसं उभं राहून विचारलं, ‘श्रेया. पुस्तक छापू की नको?’

‘ती मुलगी मला माहीत नाही,’ श्रेया म्हणाली. ‘तिचं तू लिहिलंयस. मला नको. पण जिन्याचं ठेव.’

‘ते तर खोटं.’

‘हो. पण ते माझं आहे.’

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर फोन वाजला. हितेंद्र. ‘काका, प्रुफं कधी पाठवताय? प्रेसवाला डोकं खातोय माझं.’

‘पाठवत नाही.’

‘म्हणजे?’

‘पुस्तक आहे रे. पण एका वाक्याचं आहे. बाकी लिहायचंय.’

‘काका, थापा बंद करा. पानं लावून झालीत.’

‘मोड ती,’ दौलत म्हणाला. ‘आणि पुढचं कधी येईल ते विचारू नको. मी लिहिणारा नाही, मी नुसता वाट बघणारा आहे.’ हितेंद्र पलीकडे काहीतरी म्हणत राहिला, प्रकाशक म्हणतात ते. दौलतने फोन खिशात टाकला. म्हातारपणी एकच पुस्तक हातात होतं, तेही गेलं होतं, आणि छातीत इतकं हलकं का वाटतंय ते त्याला कळेना.

परतीचा रस्ता त्याच्या जुन्या गिरणीवरून जायचा. म्हणजे गिरणी नव्हतीच; मान मोडेल असा काचेचा टॉवर होता, आणि तळाशी जुन्या आवाराची दगडी भिंत तेवढी ठेवलेली, शोभेला. धुराडं पाडलं त्या दिवशी दौलत समोरच्या फुटपाथवर उभा होता. विटांची धूळ त्याने स्वतः खाल्ली होती. श्रेया भिंतीपाशी थांबली. एक कान दगडाला लावला, डोळे अर्धे मिटले. चेहऱ्यावर काही नाही. खरं नाही, खोटं नाही, नुसतं लक्ष.

‘आबा,’ ती म्हणाली, ‘ही आत अजून चालू आहे. पहिली पाळी सुटत्येय.’

जन्मभर लोक त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि तो सांगत राहायचा. आता त्याच्या जिभेवर दहा वाक्यं आली, धुराड्याची, विटांची, काय पाडलं नि कधी पाडलं त्याची, आणि त्याने ती सगळी गिळली. तो हळूच तिच्या शेजारी गेला. भिंतीवर कान ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता.

‘मग?’ तो म्हणाला.